पांढरी सहा

"टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाला घासलं की उतरतो. हात हलका ठेव हुसेनबी, निघालेलं पितळ परत लावता येत न्हाई."

लालमहंमद पेटीवाला जाऊन दीड वर्ष झालं, तरी हा आवाज त्याच्या लेकीच्या कानात होता तसाच होता. कानस हातात घेतली की यायचा, खाली ठेवली की जायचा.

शिरूरच्या बाजारपेठेमागच्या बोळात त्यांचं एका खणाचं दुकान. बाजाची पेटी बाहेरून बघणाऱ्याला पट्ट्या आणि भाता एवढंच दिसतं. आत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक बारीक जीभ असते, वारा लागला की ती थरथरते. पेटीवाले त्या जिभेलाच सूर म्हणतात. बेचाळीस पट्ट्यांच्या पेटीत बेचाळीस सूर, आणि एकेकाचं नशीब कानशीच्या चार ओढींवर. लालमहंमदला मुलगा नव्हता. हुसेनबी ऐन पंचविशीत नवऱ्यामागं माहेरी आली, तेव्हा लोकांनी तिला रडायला सांगितलं आणि बापानं कानस दिली.

आता ती चाळिशीला आली होती. पाच वक्तांची नमाज तिनं चुकवली नाही, आणि पहाटेच्या नमाजेनंतर घरच्या पेटीचे बेचाळीस सूर खालून वर एकदा वाजवून बघायचे, हा बापानं घालून दिलेला दुसरा नेमही चुकवला नाही. बोलायची इतकी हळू की गिऱ्हाइकाला कान पुढं करावा लागे. लोकांना वाटे, बाई गरीब स्वभावाची आहे. तसं काही नव्हतं. देवानं बहुतेक माणसांना कान दिलेत ते बिडी अडकवायला, असं तिचं ठाम मत होतं. ते ती मोठ्यानं सांगत नव्हती इतकंच.

मरणाच्या आधी बापानं तिच्याकडून एकच शब्द घेतला होता. निमोण्याच्या खंडोबाची पेटी दर साली चंपाषष्ठीच्या आधी लावून द्यायची, बोलावणं येवो न येवो. लालमहंमद ऐन तरुणपणी शिरूरला आला, तेव्हा त्याच्या हाती पहिली पेटी विश्वासानं दिली ती निमोणेकरांनी. त्यानंतर तीस वर्षं तो दर षष्ठीच्या आधी एक दिवस जाऊन देवळाच्या ओसरीत बसायचा. शेजारी सनईवाला मल्हारी. "मामा, एक लांब सोडा," लालमहंमद त्याला म्हणायचा. मल्हारी एक सूर लांब धरायचा आणि लालमहंमद त्या सुराला पेटी आणून मिळवायचा. सनई मुळात या पेटीवरूनच जुळवून करून आणलेली. पेटी नवी असताना मल्हारीच्या बापानं सनई कारागिराकडून बेतून घेतली होती. लाकडाला पाडलेली भोकं काही हलत नाहीत. पितळ मात्र उन्हानं, दमटपणानं हलतं. म्हणून पेटी जरा भरकटली की सनई तिला घरी आणायची. घरची पेटीही लालमहंमदनं त्याच सुरात लावून ठेवली होती, वर्षभर कान चुकू नये म्हणून.

बाप गेला त्या साली हुसेनबी निमोण्याला गेली, पेटी लावली, नारळ-गूळ घेऊन आली. यंदा दिवाळीला मात्र निरोप आला, तसदी घेऊ नये, पंच कोंडिबा यांनी दौंडहून संगीत-मास्तर आणून शास्त्रोक्त पद्धतीनं पेटी लावून घेतली आहे.

शास्त्रोक्त हा शब्द हुसेनबीनं तोंडात घोळवून पाहिला. मग मनात म्हणाली, बरं. लावून घ्या. आणि दुकानात बसून राहिली. बोलावणं येवो न येवो, हे बापाचे शब्द तिला आठवत होते. पण न बोलावलेल्या ठिकाणी जाऊन कोंडिबाच्या मिशीकडे बघत उभं राहायचं तिच्या जिवावर आलं. त्यांचं त्यांना कळेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. असं सांगितलं की माणसाला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटतं.

चंपाषष्ठी दहा दिवसांवर असताना, बाजाराच्या दिवशी दुपारी मल्हारी दुकानाच्या पायरीशी आला. साठीचा माणूस, गळ्यात रुमाल, काखेत सनईची पिशवी.

"हुसेनबी, हाईस का?"

"या मामा. पाणी देते."

"पानी मागनं. आधी ऐक."

त्यानं सनई काढली. हुसेनबीनं पाहिलं तर तिच्या भोकांच्या कडांना काळं मेण लिंपलेलं.

"हे काय केलंत?"

"मी न्हाई केलं. मास्तरनं करवलं. सनई चढलीया म्हनला, मेणानं उतरंल." मल्हारीनं पत्ती ओठांत धरली आणि एक सूर लांब सोडला.

कुणीतरी ओल्या घोंगडीखाली तोंड घालून बोलतंय, तसा आवाज आला. बोळातून जाणारा एक जण थांबला आणि परत चालू लागला. हुसेनबीनं डोळे मिटून घेतले.

"तीस वर्सं चढली न्हाई, ती आत्ताच कशी चढली?"

"मी बी त्येच इचारलं. तर म्हनला, तीस वर्सं कुनी मोजलीच न्हाई." मल्हारीनं सनई मांडीवर आडवी घेतली. "आता बघ. मी पयल्यासारखा काळी चारला धरून वाजवतो, तर पेटी खाली आन् मी वर. एक पट्टी वर सरकून पेटी वाजवली, तर पेटी वर आन् मी खाली. मधीच लोंबकळतुया. ऐकनाऱ्याचं दात आंबत्यात. समदी माझ्याकडं बगत्यात, पेटीकडं कोन बगत न्हाई. पेटी शास्त्रोक्त हाय."

"सगळ्याच पट्ट्या अशा?"

"न्हाई. वरच्या टोकाच्या चार हायत बग, बारक्या. त्या अजून बोलत्यात माझ्यासंगं. मास्तरनं त्या तशाच सोडल्या. म्हनला, एवढ्या वर वाजवतं कोन."

हुसेनबीनं डोळे उघडले. तिला दुसरं काही विचारायचं राहिलं नाही. ज्या चार सुरांना मास्तरनं हात लावला नाही ते सनईशी जुळतात, आणि ज्यांना लावला ते जुळत नाहीत. एवढं गणित समजायला दौंडची शाळा लागत नव्हती.

"मामा, सनई चढली न्हाई. पेटी उतरवलीय. बुडाला घासून."

"असंल. मला कोन इचारतं?" मल्हारी म्हणाला. "कोंडिबानं सांगितलंय, षष्ठीला पेटीसंगं जुळली तर सनई, न्हाईतर रेकाड लावनार. कर्ना ठरवलाय दौंडचा. आन् मास्तर म्हनतो, मेणानं भागत न्हाई, सनई वरनं कापायची आन् मधी दोन बोटं पितळी नळी घालायची. म्हंजी उतरती. त्येच्या वळखीचा कातारी हाय. उंद्या बलिवलंय."

"आन् तुम्ही व्हय म्हणालात?"

"काय करू? माझ्या बापानं देवाम्होरं वाजवली, मी वाजवतो. थांबली तर माझ्या हातनं थांबली असं हुईल. कापून का हुईना, वाजंल तरी."

हुसेनबीला जे वाटलं ते तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. मास्तरविषयी जे वाटलं त्याला तर ती सरावली होती. महिनाभर तेच जिभेवर घोळवत ती बसली होती. पण या वेळी तो तिरस्कार थोडा फिरून तिच्याच अंगावर आला. ती दिवाळीनंतर गेली असती, तर ही सनई कापायच्या गोष्टीपर्यंत आलीच नसती.

"उद्या मीही येते दौंडला," ती म्हणाली.

"तू कशाला गं?"

"शास्त्र बघायला."

दुसऱ्या दिवशी दोन एस्ट्या बदलून ती दोघं दौंडला पोचली. ज्योतिबा मास्तरचं घर स्टेशनाजवळ होतं. दारावर पाटी होती, 'संगीत व ध्वनिशास्त्र वर्ग'. मास्तर आधी कुठल्याशा शाळेत शास्त्र शिकवायचा. शाळा सुटली, पण शाळेच्या प्रयोगशाळेतली नादकाट्यांची पेटी सुटली नाही. ती मखमलीच्या अस्तरासकट त्याच्या मेजावर विराजमान होती. अंगात बंद गळ्याचा कोट, हातात वेताची छडी. संगीत शिकवायला छडी कशाला लागते, हे हुसेनबीला कळलं नाही. पण घोड्याला चाबूक दाखवायचा असतो तसं काहीतरी असावं.

कोपऱ्यात लाकूड कातणारा भैरू कातारी बसला होता. त्यानं लाकडी शिकंजा आणि बारीक करवत आणलीच होती. मल्हारीच्या हातातून सनई घेऊन त्यानं ती शिकंजात धरली, चिंधी गुंडाळून, हळूच. त्या घरात तो एक माणूस वस्तू धरायला शिकलेला दिसत होता.

"ही कोण?" मास्तरनं मल्हारीला विचारलं. साठीच्या माणसाला तो सरळ अरे-तुरे करत होता. "तुझ्याबरोबर आली का?"

"लालमहंमद पेटीवाल्याची लेक, हुसेनबी."

"अच्छा, ते सनईवर पेटी लावणारे." मास्तर हसला. "बाई, तुमचे वडील पेटी लावायचे सनईवरून. आणि सनई लावली होती कशावरून?"

"पेटीवरून," हुसेनबी म्हणाली. "पहिल्या दिवशी."

मास्तरनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक छापील इंग्रजी तक्ता होता. हे ऐकून तक्त्याला काय वाटलं असेल, अशी त्याची मुद्रा झाली.

"बसा. जरा ज्ञान घेऊन जा," तो म्हणाला. "ध्वनी म्हणजे कंपन. सेकंदाला किती कंपनं, तो आकडा म्हणजे सूर. बाकी सगळ्या भावना. हा तक्ता बघा. चौतीस वाद्यं आहेत. कोणतं वाद्य कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत जातं, सगळं रेघांनी दाखवलेलं आहे. खाली पियानोच्या पट्ट्या, पट्टीपट्टीवर कंपनं. उजवीकडे आवाजाचा मोठेपणा, डेसिबल. आता यात सनई शोधून दाखवा."

मल्हारी खरंच उठला आणि चष्मा नसताना तक्ता न्याहाळू लागला.

"नाही ना? का नाही? शास्त्रानं तिची दखलच घेतलेली नाही."

"तिला तक्त्यात न्हाई जायाचं," मल्हारी म्हणाला. "देवळात जायाचंय."

भैरू कातारी खाली बघून हसला. मास्तरनं छडी मेजावर ठेवली.

"काढ रे ती शिकंजातून. वाजव. कापण्याआधी एकदा मोजून घेऊ."

मल्हारीनं वाजवली. खोली दहा बाय दहाची. सनई तर सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशी. मास्तरनं दोन्ही कानांत बोटं घातली, छताकडे पाहिलं आणि काही वेळानं जाहीर केलं, "शंभर. शंभर डेसिबल. कानाला घातक."

"मोजलं कशानं?" हुसेनबीनं विचारलं.

"अनुभवानं."

तेवढ्यात बाहेर यार्डात इंजिनानं शिट्टी दिली. खिडकीची काच खडखडली, मेजावरचा पेला हलला, मखमलीतले नादकाटे बारीक झणझणले. त्या आवाजातही मास्तर बोलतच राहिला. शिट्टी थांबल्यावर हुसेनबीनं तितक्याच हळू विचारलं, "ही किती हो?"

"कोणती?"

"शिट्टी."

"ती रेल्वेची आहे," मास्तर म्हणाला.

सरकारी आवाजाला आकडा लागत नसावा. हुसेनबीनं मान डोलावली. "आणि षष्ठीला तुमचा कर्णा लागंल, तो?"

"तो एकशेदहापर्यंत नेता येतो," मास्तर अभिमानानं म्हणाला. "पार घोड नदीपर्यंत ऐकू जाईल."

"म्हंजी शंभर कानाला वाईट आन् एकशेदहा चांगला," भैरू कातारी सनईला चिंधी गुंडाळून ती परत शिकंजात धरत स्वतःशीच म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मास्तरला आपण कुठंतरी चुकीच्या बाजूनं निघालो आहोत एवढं जाणवलं. म्हणून त्यानं मोठं हत्यार काढलं. नादकाट्यांची पेटी पुढं ओढली. आठ पोलादी काटे, ओळीनं लहान होत गेलेले, प्रत्येकावर इंग्रजी आकडा कोरलेला. हुसेनबीच्या मनात आलं, चुलीतला निखारा उचलायच्या चिमट्याला पाय एकच लावला की हे तयार होतं. मास्तरनं एक काटा रबरी हातोडीनं ठोकून मेजावर टेकवला. मेज गुणगुणू लागलं.

"हे प्रमाण. याच्यावर मी निमोण्याची पेटी लावली. सा, रे, ग, म, एकेक काटा घेऊन एकेक सूर कानशीनं खाली आणला. काळ्या पट्ट्यांना काटे नाहीत, त्या अंदाजानं."

"अंदाजानं," हुसेनबी म्हणाली. तिनं तो शब्द फक्त परत ठेवला, काही न लावता.

सूर खोटा नव्हता. काटा बिचारा जे कोरलं होतं तेच बोलत होता. पण तो निमोण्याचा नव्हता. अर्ध्या पट्टीनं खाली होता. तिला इंग्रजी येत नव्हतं. इंग्रजी आकडे मात्र येत होते. सुरांची पुडकी दुकानात यायची त्यांच्यावर तेच असत. तिनं पेटीतला सहावा काटा उचलला आणि आकडा वाचला. मग उठून तक्त्यापाशी गेली. खाली छापलेल्या पट्ट्यांवर बोट ठेवून तिनं मोजलं, दोन काळ्यांच्या डावीकडची पांढरी एक, मग दोन, तीन, चार, पाच, सहा.

"मास्तर, पांढरी सहा ती हीच का?"

"हीच."

"मला चष्मा लागतो. काय लिहिलंय?"

"चारशे चाळीस," मास्तरनं ऐटीत वाचलं.

"आणि हा तुमचा सहावा काटा. याच्यावर?"

मास्तरनं काटा घेतला. त्यानं तो वाचला, मग खिडकीच्या उजेडात नेऊन वाचला. चारशे सव्वीस आणि वर काही अपूर्णांक. तक्ता त्या भिंतीवर सहा वर्षं होता. काटे त्या मेजावर सहा वर्षं होते. मधे चार हातांचं अंतर. एवढ्या वर्षांत या माणसाला एकाचं तोंड दुसऱ्याकडे करून बघायची बुद्धी झाली नव्हती. दोन्ही वस्तू त्यानं लोकांना दाखवायला ठेवल्या होत्या. स्वतः बघायला नव्हे.

"तेराचौदाचा फरक पडतुया," भैरू कातारी म्हणाला. "आमच्यात एका सुताचा पडला तरी मालक हाकलून देतो."

"तू गप्प बस." मास्तरनं काटा मखमलीत ठेवला. "हे प्रयोगशाळेचे काटे आहेत. मुलांना गणितं घालायला. दोनशे छप्पन्न, पाचशे बारा, असे सोयीचे आकडे घेतात. भागाकार सरळ व्हावा म्हणून."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. सहावीच्या पोरांचा भागाकार सरळ व्हावा म्हणून निमोण्याच्या खंडोबाची पेटी खाली आली होती, आणि तिच्यापायी एका म्हाताऱ्याची सनई शिकंजात होती.

"तत्त्वतः दोन्ही बरोबर आहेत," मास्तर म्हणाला. "ही तांत्रिक बाब आहे, तुम्हाला नाही समजणार."

"न्हाई समजणार," हुसेनबी म्हणाली.

तिच्या या मान्य करण्यानं मास्तरला परत जोर आला. "आणि समजा, पेटी उतरली. आता काय करणार? सूर बुडाला घासलेत. परत चढवायचे तर टोकाला घासावे लागतील. पातळ होऊन फुटतील. त्यापेक्षा एक सनई कापणं केव्हाही शास्त्रशुद्ध. भैरू, लाव करवत."

सकाळपासून मास्तर पहिल्यांदाच खरं बोलला होता, आणि तेही सुटका करून घ्यायला. बापाचा आवाज हुसेनबीच्या कानात आला. निघालेलं पितळ परत लावता येत न्हाई. भैरूनं करवत उचलली, पण लावली नाही. तो मल्हारीकडे बघत होता. मल्हारी हुसेनबीकडे बघत होता.

"भैरूदादा, सनई सोडा," ती म्हणाली. नेहमीसारखीच हळू, भैरूला कान पुढं करावा लागला. "मामा, षष्ठीच्या आधी पेटी तुमच्या सनईला लागंल. माझा शब्द हाय."

"सूर आणणार कुठून?" मास्तर म्हणाला. "त्या मापाचे सूर आता बाजारात मिळत नाहीत."

"ते माझं मी बघते. तुमचा तक्ता चांगला आहे मास्तर. जरा वाचत जा."

भैरूनं शिकंजा सैल केला, चिंधी काढली आणि सनई दोन्ही हातांनी मल्हारीला दिली. निघताना मास्तर दारात उभा राहून मोठ्यानं सांगत होता की षष्ठीला कर्णा लागणारच, तेव्हा बघू. गाडी शंटिंग करत होती. त्याचं अर्धं बोलणं शिट्टीत गेलं.

एस्टीत मल्हारीनं बाभळीच्या काट्यानं भोकांतलं मेण कोरून काढलं. एकेक भोक मोकळं झालं की तो त्यात हळूच फुंकर मारी.

"हुसेनबी, खरंच सूर कुठनं आननार तू?"

"हायत."

"कोंडिबा पेटीला हात लावू दील का तुला?"

"देवळाचं दार पहाटे कोण उघडतं?"

"अनसाबाई. झाडलोट तिचीच. पन तिचा नेम हाय, देवाची पूजा हुस्तवर ती बोलत न्हाई. कुनाशीच."

"मग बरं," हुसेनबी म्हणाली. "नकोही म्हणणार न्हाई."

मल्हारी दिवसभरात पहिल्यांदा हसला.

निमोण्याला जायला मल्हारी न्हावऱ्याला उतरून गेला. पुढं शिरूरपर्यंत हुसेनबी एकटीच आपल्याशी भांडत राहिली. मास्तर मूर्ख होता हे खरं, पण मूर्ख माणसाला तुच्छ लेखत घरात बसून राहणं यात कसलीही हुशारी नव्हती. बापानं शब्द घेतला होता तो पेटी लावायचा. कुणाला हसायचा नव्हता. मास्तरनं काट्याकडे आणि तक्त्याकडे पाहिलं नाही. तिनं तरी बापाच्या शब्दाकडे कुठं पाहिलं होतं? तो महिनाभर तिच्या कानाशी होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं नमाज पढली. मग रोजच्यासारखी घरची पेटी पुढं ओढून बसली. निमोण्याच्याच मापाची, त्याच सुरात बापानं आपल्या हातानं लावलेली, एकाही सुराच्या बुडाला कानस न लागलेली. तिनं खालून वर बेचाळीस सूर वाजवले. आज एकेक जरा जास्त वेळ धरला. पांढरी सहावर ती थांबली, भात्यातला वारा संपेपर्यंत.

मग पेचकस घेतला आणि पेटीची वरची फळी काढली.

मधले एकतीस सूर तिनं एकेक करून सोडवले. वरचे टोकाचे लागणार नव्हते, मास्तरच्या कृपेनं ते वाचले होते. खालचे सात जाड होते, ते निमोण्यात टोकाला जरा घासून चढले असते. प्रत्येक सूर तिनं जुन्या उर्दू पंचांगाच्या कागदात गुंडाळला, वर पट्टीचा नंबर लिहिला आणि बापाच्या पत्र्याच्या डब्यात ओळीनं ठेवला. रिकामी पेटी बंद करून तिच्यावर कापड टाकलं. उद्या पहाटे नमाजेनंतर वाजवायला काही राहिलं नव्हतं, हे तिला कळत होतं. कापडाची सुरकुती तिनं हातानं नीट केली.

डबा, कानस, सुराखाली सरकवायचा पातळ पत्रा आणि फडकं एवढं पिशवीत घालून तिनं दुकानाला कुलूप लावलं. बोळात नुकती कुठं जाग येत होती. आज मल्हारीच्या घरी पोचायचं आणि उद्या पहाटे अनसाबाई देवळाचं दार उघडील तेव्हा तिथं असायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. न्हावऱ्याकडची पहिली एस्टी सुटायला अवकाश होता, तरी ती स्टँडच्या दिशेनं चालू लागली. डबा वाजू नये म्हणून तिनं तो पोटाशी धरला होता.